उलट्या पावलांचे उस्मान मास्तर

शिरूरच्या एखाद्या वरातीत तुम्ही उभे राहिला असाल, तर उस्मान मास्तर तुम्ही बघितलेच आहेत. बँडाच्या पुढं, लाल कोट घालून, पण तोंड बँडाकडं करून उलटा चालणारा जो म्हातारा, तेच ते. बाकीचे बँडमास्तर छाती काढून पुढं बघत चालतात. आमच्या मास्तरांना पुढचं काही दिसतच नाही. एकदा ते बैलगाडीच्या जुवाला धडकले. एकदा पानवाल्याच्या फळीवर जाऊन बसले. भाजीबाजारापाशी तर अख्खे गटारात उतरले, आन् तिथं उभं राहूनही हातातली काठी हलवतच होते. आम्ही वाजवत वरनं पुढं गेलो.

मी म्हटलं, "मास्तर, पुढं बघून चालायला काय घेता?"

"रस्ता कुठं पळून चाललाय का, दगडू? पळतो तो माणूस. नजर माणसावर ठेवायची."

मी दगडू. ढोल मी वाजवतो. शाळा माझी दुसरीत सुटली, तेव्हा गोड लिहायला मला येत नाही. मास्तर डोक्यानं थोडे सरकलेले आहेत, असं मी त्यांच्या तोंडावर सांगतो, इथंही सांगतो. पण आख्ख्या तालुक्यात बँड बघावा तर आमचा. त्याचं कारण वाजवणं नाही. वाजवणं आमचं बेताचंच. कारण हे, की आमची माणसं टिकली.

बँडाचा धंदा लग्नसराईचा. चार महिने वाजवायचं, उरलेले दिवस ज्याचं त्यानं पोट भरायचं. मास्तर शिंपीकाम करतात, मी बाजारात हमाली करतो. पुढच्या सराईला निम्मी माणसं दुसऱ्याच बँडात दिसतात. बाकीचे मास्तर अशा वेळी शिव्या घालतात आन् नवी माणसं बघतात. आमचे मास्तर सोडून गेलेल्याच्या घरी जातात.

भांडायला नाही. परत बोलवायलाही नाही. उंबऱ्यापाशी बसतात, पाणी पितात आन् विचारतात, "ये म्हनत न्हाई. माझं काय चुकलं, तेवढं सांग."

माणूस आधी खोटंच बोलतो. कोण म्हणतो आई आजारी, कोण म्हणतो शेतात काम हाय. मास्तर हूं हूं करतात, पण उठत नाहीत. उन्हं कलली तरी उठत नाहीत. शेवटी घरातली माणसंच कावून म्हणतात, सांगून टाका बाबा यांना एकदाचं.

आमचा एक ट्रंपेटवाला असाच गेला होता. शेवटी बोलला, की कोट काखेत काचतो, हात वर केला की जीव जातो. एवढंच. मास्तरांनी घरी येऊन सगळ्यांचे कोट उसवले आन् ऐसपैस शिवले. इतके ऐसपैस, की घोडनदीच्या पुलावर वारा सुटला तसे आम्ही सगळे फुगलो, आन् नवऱ्याचं घोडं बुजलं. ताशेवाला गेला, तो टोपीवरच्या तुऱ्यापायी. सासरवाडीची माणसं हसत होती. मास्तरांनी सगळ्यांच्या टोप्यांचे तुरे कापले. दोघंही परत आले.

"एवढ्याशा कारणावरनं कोण बँड सोडतं का?" मी म्हटलं.

"मोठं कारण सांगायचं असतंय, दगडू. खरं कारण बारीकच असतंय."

आन् विचारून झालं की निघतानाही उलटेच. समोरच्या माणसाकडं बघत मागं मागं सरकायचं, अंगण संपेपर्यंत. एकाच्या दारात ते मागच्या मागं शेळीवर बसले. शेळी ओरडली, मास्तर नाही ओरडले. माणसाला पाठ दाखवायची नाही म्हणजे नाही.

मग एका सालात शिवराम गेला.

शिवराम म्हणजे आमची क्लॅरिनेट. ढोलाशिवाय बँड चालतो, हे मी ढोलवाला असून सांगतो. क्लॅरिनेटशिवाय चालत नाही. गळा गेल्यावर माणूस काय बोलणार? त्याला दौंडच्या बँडानं फोडलं, आन् आठ दिवसांवर आमची मांडवगण फराट्याची सुपारी. मोठ्या बागायतदाराच्या पोरीचं लग्न. तिथं शोभा झाली असती तर पुढं आम्हाला कोणी बारशाला बोलावलं नसतं. माणसं आतून हलली होती. ताशेवाला तर म्हणालाच, "मीबी बघतो दुसरीकडं."

मास्तर एस.टी.नं दौंडला गेले. मला सोबत नेलं. शिवराम स्टेशनामागं मेव्हण्याकडं उतरला होता. त्यानं आधी हवापाणी सांगितलं, मग मेव्हण्याचा आग्रह सांगितला. मास्तर बसून राहिले. तीन मालगाड्या गेल्या असतील. शेवटी शिवराम खाली मान घालून बोलला.

"मास्तर, आपन सगळ्यात शेवटी जेवतो. वऱ्हाड जेवतं, गाव जेवतं, भांडी घासनारी जेवत्यात, मग आपन. भाताची खरवड आन् आमटीचं पानी. मागच्या लग्नात माझा पोरगा संगं होता. त्यो म्हनला, आप्पा, आपल्याला लापशी का न्हाई? मी काय सांगू त्याला?"

आमच्या बँडात सगळ्या जातींची माणसं. पंगत शेवटी का, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. बोलत कोणी नव्हतं. मास्तरांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. मग म्हणाले, "हे कोटासारखं उसवून शिवता यायचं न्हाई. पर बघतो. तू वाजवू नको. मांडवगणला नुसता बघायला ये."

आन् उलट्या पावलांनी निघाले. रुळांपाशी मी त्यांना हाताला धरून पलीकडं नेलं, नाहीतर त्यांचा निकाल तिथंच लागला असता.

मी घरी आलो तशी आमच्या मंडळीनं विचारलं, "जेवलात का पोटभर?" सगुणा तिचं नाव. मी कुठूनही येवो, वाजवून येवो की पोती उचलून येवो, तिचा प्रश्न हाच. लग्नाघरनं आलो तरी हाच. मी व्हय म्हणायचो, ती माझ्या तोंडाकडं बघायची आन् चुलीवर तवा टाकायची.

मांडवगणला मांडव मोठा. चुली पेटलेल्या, लापशीचा वास शिवारभर. मास्तरांनी मांडवाच्या तोंडाशी आम्हाला उभं केलं आन् यजमानाच्या भावाला सांगितलं, "पहिल्या पंगतीला माझी मानसं बसनार. कबूल असंल तर वाजवतो."

"वऱ्हाडाच्या मांडीला मांडी लावून?" तो भाऊ म्हणाला. "मास्तर, ऊन लागलं का तुम्हाला?"

"मग ऱ्हायलं." मास्तरांनी काठी खाली केली. आम्ही वाद्यं जमिनीवर ठेवली. नवरदेव मारुतीच्या देवळापाशी घोड्यावर ताटकळलेला. घोडं बँडाशिवाय पाऊल टाकीना, कारण ते कायम आमच्याच वाजवण्यावर चालणारं. भटजी घड्याळ बघायला लागले. भाऊ ओरडला, धमक्या दिल्या, शिरूरात धंदा बंद करीन म्हणाला. मास्तर त्याच्या तोंडाकडं शांत बघत उभे.

"दुसरा बँड आणू."

"आना. दौंडाहून येईस्तवर पोरीला पोरं होत्याल."

माणसं हसली, तसा भाऊ जास्तच चिडला. तेवढ्यात नवरीचे आजोबा काठी टेकत आले. सगळे त्यांना आबा म्हणत. त्यांनी विचारलं, काय झालं. मास्तरांनी सांगितलं. लांबण लावली नाही.

आबा भावाला म्हणाले, "ही मानसं सकाळधरनं उन्हात हायेत. तुला यांच्याशेजारी बसायचं न्हाई ना? नको बसू. मी बसतो."

"आबा, लोक काय म्हनत्याल?"

"लोक लापशी मागत्याल. वाढ म्हंजी झालं."

मास्तरांनी काठी उचलली. तेवढ्यात मागनं क्लॅरिनेटचा सूर आला. शिवराम. नुसतं बघायला आलेला माणूस काखेत क्लॅरिनेट घेऊन कशाला येतो, हे त्याला आजवर कोणी विचारलेलं नाही.

लग्न लागलं. पहिल्या पंगतीला आबा बसले, त्यांच्या शेजारी मी, मग शिवराम, मग बाकीचे. मास्तर समोरच्या रांगेत, सगळ्यांच्या पत्रावळी दिसतील असे. वऱ्हाडातली काही माणसं उठून गेली. गेली तर गेली. लापशीत तूप होतं. त्या दिवशी सगुणानं विचारलं, जेवलात का पोटभर, मी व्हय म्हटलं. ती तोंडाकडं बघत राहिली आन् तवा टाकला नाही. त्या सराईपासून आमच्या बँडातनं कोणी गेलं नाही.

गेलो तो मी.

गेल्या फाल्गुनात सगुणा वारली. ताप आला आन् गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. तेरावं झालं, तसा मी ढोल मास्तरांच्या दुकानात नेऊन ठेवला. वाजवत नाही म्हटलं आन् घरी आलो. दाराला आतून कडी घातली.

मास्तर आलेच. कडी वाजवली नाही, बाहेर उंबऱ्यावर बसले. मी दार उघडलं तेव्हा उन्हं ओसरीवरून उतरली होती. पाणी दिलं.

"ये म्हनत न्हाई," मास्तर म्हणाले. "माझं काय चुकलं, तेवढं सांग."

"तुमचं काय चुकंल? माझी बायकू मेली."

हूं, म्हणाले. बसून राहिले. मला राग आला. म्हटलं या म्हाताऱ्याला बाईमाणसाचं मरणही कोटाच्या काखेसारखं वाटतंय. तरी ते उठेनात. मग माझ्याच तोंडून निघालं.

"वाजवून घरी यायचं कशाला, मास्तर? जेवलात का पोटभर, असं इचारनारं कोन ऱ्हायलं न्हाई."

त्यांनी मान हलवली. तुरा कापताना हलवली होती तशीच. आन् उलट्या पावलांनी अंगणातनं गेले. दुसऱ्या दिवशी ढोल माझ्या ओसरीवर होता.

राहू गावात लग्न होतं. का गेलो ते मला अजून सांगता येत नाही, पण गेलो. पंगतीत मास्तर माझ्या शेजारी बसले. मी किती भाकरी मोडल्या, लापशी दोनदा घेतली, सगळं त्यांनी बघितलं. सकाळच्या एस.टी.नं शिरूरला उतरलो. बाकीचे आपापल्या वाटेला लागले. मास्तरांचं घर स्टँडाजवळ, माझं नदीकडं. तरी ते निघाले माझ्यापुढं, उलटे, माझ्या तोंडाकडं बघत. कोंबड्या उडाल्या, एक सायकलवाला शिव्या देऊन गेला. माझ्या दाराशी थांबले.

"जेवलास का पोटभर?"

"शेजारीच तर बसला व्हता, मास्तर."

"इचारलं तेवढं सांग."

"जेवलो."

त्यांनी माझ्या तोंडाकडं नीट बघितलं. खरं बोलतोय का ते बघतात, हे मला कळलं, कारण तसं बघणारी मला ठाऊक होती.

तेव्हापासून दर लग्नानंतर हेच. कोटाला शिलाई घातली तसं त्यांनी हेही कामच मानलंय. दारापर्यंत येतात, विचारतात, मी व्हय म्हणतो. पाय सुजलेत त्यांचे, चढावर दम लागतो. पण एक दिवस चुकवत नाहीत.

आन् माझं उत्तर ऐकलं की मग मात्र वळतात. माझ्याकडं पाठ करून, साध्या माणसासारखे सरळ चालत घरी जातात. मी ओसरीवर उभा राहून त्यांची पाठ बघतो. लाल कोट मागनं विटलाय. तो भाग आमच्यापैकी कोणी कधी बघितलाच नव्हता.