श्यामरावांनी वाटलेलं तेल

रविवारी सकाळी श्यामराव देवतळे आपल्या नव्या, म्हणजे दुसऱ्याच्या जुन्या, गाडीचं बॉनेट उघडून उभे होते. छत्तीसगडचं राज्य वेगळं झालं तेव्हा त्यांचा एक सहकारी भोपाळच्या वाट्याला गेला आणि जाताना ही गाडी त्यांच्या गळ्यात मारून गेला. श्यामरावांना नको म्हणता आलं नाही. त्यांना ते कधीच येत नसे. लग्नालाही त्यांनी याच सवयीनं होकार दिला, असं विनोदिनीबाई चारचौघांत सांगत.

आता भोपाळची पाळी त्यांच्यावरही येऊ घातली होती. त्यांच्या ऑफिसच्या भांडार शाखेतल्या कोणाला रायपुरात ठेवायचं आणि कोणाला भोपाळला न्यायचं, हे ठरवायला भोपाळहून सक्सेना साहेब सोमवारी येणार होते. पुरानी बस्तीतलं चार खोल्यांचं घर श्यामरावांनी पोटाला चिमटा काढून बांधलं होतं. ते सोडून जायची कल्पनाच त्यांना सहन होत नव्हती. नव्या राजधानीत ऑफिसं आली होती, भांडार शाखेच्या वाट्याची गाडी अजून यायची होती. म्हणून साहेबांना स्टेशनवरून आपल्याच गाडीतून आणायचं त्यांनी स्वतः पुढे होऊन कबूल केलं. साहेब खूश झाले की घर वाचलं, असा साधा हिशोब होता.

त्यांनी तेलाची पट्टी ओढून पाहिली. तेल काजळासारखं निघालं.

"तेल तं भरपूर आहे," ते म्हणाले. "मंग बदलायचं काहून?"

"भज्याचं तेल काळं झालं की मी फेकते ना?" विनोदिनीबाई म्हणाल्या. "कढई भरून आहे म्हणून त्याच्यातच तळत नाही राहत."

गॅरेजवाल्यानंही आदल्या दिवशी हेच सांगितलं होतं. तेल आहे म्हणून लोखंड लोखंडावर घासत नाही, ते इंजिनची गरमी वाहून नेतं, आतला सगळा मळ पोटात घेतं, आणि पोट भरलं की त्याच्यात दम राहत नाही. मात्र राजधानी झाल्यापासून मोठमोठ्या साहेबांच्या गाड्या येऊ लागल्यानं गॅरेजवाल्याला भाव आला होता. तेव्हा नव्या तेलाचा डबा आणून श्यामराव स्वतःच गाडीखाली शिरले.

इथवर सगळं सुरळीत झालं. काळं तेल घमेल्यात पडतंय न पडतंय तोच समोरच्या शेवंताबाई वाटी घेऊन आल्या. त्यांच्या दाराच्या चौकटीला उधई, म्हणजे वाळवी, लागली होती, आणि लाकडाला गाडीचं जळकं तेल फासलं की उधई पळते, हे पुरानी बस्तीत कोणालाही विचारा. श्यामरावांनी वाटी काठोकाठ भरून दिली. शेवंताबाईंनी ही बातमी स्वतःपुरती ठेवली असती, तर ही गोष्ट लिहायची वेळच आली नसती.

सगळा पारा, म्हणजे अख्खा मोहल्ला, लोटला. कोणी डबा आणला, कोणी लोटा, एकानं तर बादलीच आणली. घमेलं रिकामं होत चाललं आणि माणसं वाढत चालली. तेव्हा श्यामरावांना आपल्याच घरातली रीत आठवली. पाहुणे वाढले की विनोदिनीबाई वरणात पाणी घालत. त्यांनी काळ्या तेलात थोडं नवं तेल ओतलं. मग आणखी थोडं. शेवटी आलेल्यांना जवळजवळ मधासारखं तेल मिळालं, आणि हे म्हणावं तितकं काळं नाही अशी तक्रारही त्यांनी केली. श्यामरावांनी त्यांची माफी मागितली.

डब्यात उरलं ते इंजिनात गेलं. पट्टीच्या टोकालासुद्धा ते लागलं नाही. रविवारची दुकानं एव्हाना बंद झाली होती. स्टेशन कुठं लांब आहे, असं म्हणून श्यामराव जेवायला बसले.

सोमवारी साहेब गाडीत बसले आणि त्यांची नजर स्टिअरिंगच्या मागे गेली.

"ये लाल बत्ती क्यों जल रही है?"

"साहब, राजधानी बन गई है. अब सबको लाल बत्ती मिल रही है," श्यामराव हसून म्हणाले.

साहेब हसले नाहीत. थोड्या वेळानं इंजिन खडखडू लागलं, तसा श्यामरावांनी आवाज चढवून शहराच्या प्रगतीचं वर्णन सुरू केलं. प्रगती सदर बाजारापर्यंत पोचली आणि भर गर्दीत गाडीनं एक किंकाळी फोडून जीव सोडला. मागे स्कूटरवाले हॉर्न वाजवू लागले, सराफ गादीवरून उठून पायरीवर आले. गाडी बाजूला घेणं भाग होतं. स्टिअरिंग श्यामरावांनी धरलं होतं, त्यामुळे ढकलायला साहेब उरले.

साहेब घामाघूम होऊन ढकलत असतानाच शेवंताबाईंची रिक्षा शेजारी येऊन अडकली.

"श्यामभाऊ, तुमच्या तेलानं उधई भरभर बाहेर निघून राहिली," त्या आनंदानं म्हणाल्या. "अजून थोडं भेटन का?"

साहेबांना मराठी येत नव्हतं, पण तेल हा शब्द त्यांना कळला. त्यांनी खोदून खोदून विचारलं आणि श्यामरावांनी सगळं सांगून टाकलं. इंजिनला तेल कशाला लागतं हेही त्यांनी नीट, पायरीपायरीनं समजावलं.

"मतलब तुम्हें सब मालूम था," साहेब म्हणाले. "फिर भी बाँट दिया?"

"मना नहीं कर पाया, साहब."

साहेब सायकलरिक्षानं ऑफिसात गेले. तिथे पाणीही न पिता त्यांनी मत दिलं, की या माणसाच्या हाती भोपाळचं भांडार दिलं तर ते आठवडाभरात झाडून रिकामं होईल. त्याला छत्तीसगडलाच ठेवा. तसा आदेश निघाला. श्यामराव रायपूरचे कायम झाले. विनोदिनीबाईंच्या डोळ्यांना आनंदानं धार लागली आणि गाडी भंगारात गेल्याचं दुःखही कोणाला राहिलं नाही.

पुढच्या महिन्यात दुसरा आदेश आला. सक्सेना साहेब स्वतःच छत्तीसगडच्या वाट्याला आले होते, तेही श्यामरावांच्याच ऑफिसचे प्रमुख म्हणून. राजधानीत साहेब जितके होते तितके बंगले नव्हते. धर्मशाळेत राहून वैतागलेले साहेब एका संध्याकाळी श्यामरावांकडे चहाला आले. त्यांनी चारही खोल्या फिरून पाहिल्या, हवा छान येते म्हणाले, आणि बंगला मिळेपर्यंत सहकुटुंब इथे राहिलं तर चालेल का, असं विचारलं.

दाराआडून विनोदिनीबाई जोरजोरात मान हलवून नाही म्हणत होत्या. श्यामरावांना ते स्पष्ट दिसत होतं.

"आप ही का घर है, साहब," ते म्हणाले.

देवतळे दांपत्य आता परसातल्या पत्र्याच्या खोलीत राहतं. पहिल्या रात्री विनोदिनीबाईंनी सरपणाच्या मोळ्या बाजूला सारून दोघांपुरती सतरंजी अंथरली आणि उशी झटकत म्हणाल्या,

"भोपाळले गेलो असतो, तं निदान क्वार्टर तरी भेटलं असतं."