पोरीचा नकाशा आणि बापाची कंबर

नव्या शर्टात बाबांचं पोट चौकोनी दिसत होतं. आतला कमरेचा पट्टा फुगून वर आला होता. आरशासमोर त्यांनी श्वास ओढून पाहिला, बाजूने वळून पाहिलं आणि शेवटी पट्टा सोडून कपाटात टाकला. आज लेकीचा दिवस होता. तिच्या ऑफिसातले साहेब आणि रुग्णवाहिका विभागाच्या मुख्य बाई बाबांच्या गाडीत बसणार होत्या, वर फोटोही निघणार होता. अशा वेळी बापाने ताठ दिसायला नको?

लेकीने खपून एक यंत्र केलं होतं. उपग्रहांचा सिग्नल गेला की फोनमधले नकाशे आंधळे होतात. पण जमिनीखालचे खडक, पाइप, पुलांमधलं लोखंड यांमुळे प्रत्येक रस्त्याची चुंबकीय ओढ जराशी वेगळी असते. ती मोजून नकाशा केला की यंत्राला आभाळाकडे बघावंच लागत नाही. हे जमायचं नाही, असं साहेबांनी तिला सुरुवातीलाच सांगितलं होतं, आणि ते ऐकल्यावरच ती कामाला लागली होती.

नकाशासाठी शहरातली गल्ली न् गल्ली गाडीने पालथी घातली ती बाबांनी. जन्मभर टॅक्सी चालवलेला माणूस. पुन्हा कामासाठी स्टिअरिंग हाती आलं आणि तेही लेकीसाठी! ही कथा ऐकवल्याशिवाय त्यांनी कुणालाही सोडलं नव्हतं. दातांच्या डॉक्टरला तर ती तोंडात हत्यारं असताना ऐकवली होती.

आजची चाचणी जमली तर यंत्र सगळ्या रुग्णवाहिकांत बसणार होतं. फसली तर काम कायमचं बंद.

"बाबा, आज तुम्हाला एकही रस्ता माहीत नाही," निघताना लेकीने बजावलं. "यंत्र सांगेल तिकडेच वळायचं."

"मी या शहरात आजच उतरलोय," बाबा म्हणाले.

पाहुणे मागे बसले, लेकीने उपग्रहांचा सिग्नल बंद केला आणि गाडी हॉस्पिटलकडे निघाली. पहिल्याच चौकात यंत्र म्हणालं, डावीकडे. हॉस्पिटल उजवीकडे आहे हे बाबांनी झोपेतही सांगितलं असतं. त्यांनी ओठ आवळून गाडी डावीकडे घेतली. यंत्र सांगत गेलं, बाबा वळत गेले, आणि गाडी शिरली ती थेट गाडी धुण्याच्या केंद्रात. साहेबांच्या बाजूची काच उघडी होती. ती वर चढेपर्यंत साहेबांचा एक खांदा साबणाने स्वच्छ झाला.

लेकीने यंत्र पुन्हा सुरू केलं. या वेळी ते मोठ्या आत्मविश्वासाने बोललं आणि गाडी स्मशानाच्या फाटकाशी येऊन थांबली.

"हॉस्पिटलच्या आधीच इथे?" मुख्य बाईंनी शांतपणे विचारलं.

लॅपटॉपवर वाकलेल्या लेकीचे कान लाल झाले होते. बाबांना ते बघवेना. गुपचूप गाडी हाणली असती तर पाच मिनिटांत हॉस्पिटल आलं असतं आणि कुणाला पत्ताही लागला नसता. पण शब्द दिला होता. चडफडत त्यांनी गाडी मागे घेतली, तेवढ्यात चाक खड्ड्यात गेलं आणि कमरेतून कळ आली.

"काय झालं, बाबा?"

"काही नाही गं. आज पट्टा नाही ना, म्हणून."

"कसला पट्टा?"

बाबांनी जीभ चावली. गेल्या वर्षी त्यांनी त्या पट्ट्याची जाहिरात दाखवली तेव्हा लेकीने शुद्ध थोतांड म्हणून ती उडवून लावली होती. तेव्हापासून पट्टा शर्टाखाली लपून होता.

"कमरेचा," ते पुटपुटले. "चुंबकांचा."

लेकीने लॅपटॉपवरून मान वर केली.

"नकाशा करताना घातला होतात?"

"रोज."

"ओढ मोजणारा सेन्सर तुमच्या सीटखाली असताना?"

"तो काय मला विचारून बसवलास?"

लेक आधी कपाळाला हात लावून बसली आणि मग पोट धरून हसू लागली. नकाशातल्या प्रत्येक रस्त्यात बाबांचा पट्टा मिसळला होता. आज पट्टा नव्हता, म्हणून यंत्राला सगळं शहर अनोळखी वाटत होतं. तिने पाहुण्यांना हे जसंच्या तसं सांगितलं आणि घरी जायची परवानगी मागितली. यंत्र बंद ठेवून बाबांनी गाडी अशी पिटाळली की साहेबांनी खिडकीवरची मूठ सोडली नाही. लेकीने आधीच फोन केल्यामुळे आई पट्टा घेऊन दारातच उभी होती. बाबांनी सर्वांदेखत तो नव्या शर्टावरच आवळला.

यंत्र म्हणालं, उजवीकडे. मग पुलावरून, बाजारामागून, एकही वळण न चुकता त्याने गाडी हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागाच्या दाराशी आणली.

"आता माझ्या प्रत्येक चालकाला पट्टा द्यायचा का?" मुख्य बाईंनी विचारलं.

"नाही. पट्ट्याची ओढ मोजून ती नकाशातून वजा करता येईल," लेक म्हणाली.

बाई हसल्या. "बापाने लेकीपासून लपवलेलं जे हुडकून काढतं, त्याच्यापासून रस्ते काय लपणार? करा सुरुवात."

फोटोत बाबा मधोमध उभे राहिले, चौकोनी पोट पुढे काढून. इतकी छाती त्यांची उभ्या आयुष्यात फुगली नव्हती.

पाहुणे निघाल्यावर लेकीने विचारलं, "खरं सांगा, त्या पट्ट्याने कमरेला फरक पडतो?"

"काडीचाही नाही."

"मग वर्षभर घातलात कशाला?"

"तू उपयोग नाही म्हणालीस म्हणून."

यावर लेकीने तोंड उघडलं, साहेबांच्या दूर जाणाऱ्या गाडीकडे एकदा पाहिलं आणि गुपचूप मिटलं.