वालाच्या वाडीतली जोडी

पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, हे शालीकरामला ठाऊक होतं. धान रोवण्याच्या गडबडीत पोळा कधी दाराशी आला, तेवढंच त्याला कळलं नाही. परसातल्या वाडीत खतासाठी पेरलेला छातीएवढा बोरू, म्हणजे ताग, पिवळ्या फुलांनी डोलत होता आणि तो आजच जमिनीत गाडायला हवा होता.

वाडी खरं म्हणजे त्याच्या बायकोची, धुरपताची. तिथल्या वालाच्या शेंगा दरवर्षी तिच्या माहेरी जात. पण माती थकली होती, वेल रोडावले होते. तिरोड्याच्या बाजारात शेतकी खात्याच्या माणसानं बोरूचं रोप उपटून मुळांवरच्या बारीक गाठी शालीकरामला दाखवल्या होत्या. फुलावर आला की नांगरून गाडा, कुजू द्या, मग वाल पेरा आणि शेंगा पाहा. धुरपतानं वाडी दिली, पण बजावून दिली.

"भावजया आधीच हासतेत मले. औंदा शेंगा नाई गेल्या, तं तुमीच जाऊन सांगजा माह्या मायले, का शेंगांच्या जागी गवत पेरलं म्हून."

आज बैलांना सुट्टी, उद्याही सुट्टी आणि त्यानंतर ते धानाच्या चिखलणीसाठी सासऱ्याला कबूल केलेले. तोवर बोरूच्या काड्या होणार. काड्या कुजत नाहीत.

"बैलाले सुट्टी हाय," शालीकराम धाकट्या भावाला म्हणाला. "मानसाले कोनं देल्ली?"

सुकराम आधी हसला. मग दादा हसत नाही हे पाहून नांगराकडे बघू लागला.

दुपारी सारा गाव तोरणाखाली जमला. गुराखी मंगरू झुली घातलेली बैलजोडी घेऊन तिकडे गेला. इकडे परसात हलका नांगर निघाला. जुवाच्या एका बाजूला शालीकराम, दुसऱ्या बाजूला त्याच्या खांद्याएवढा सुकराम आणि रुमण्यावर, म्हणजे नांगराच्या मुठीवर, धुरपता. जू तिरपं झालं, नांगर वाकडा चालला, बोरू मात्र मातीखाली जाऊ लागला.

"डावा अंग चोरून राहिला," धुरपता म्हणाली.

"वहिनी, मी चोरून नाई राहिलो, मी लटकून राहिलो!"

"बोलू नोको. बैल बोलतेत का?" आणि सवयीनं तिनं शालीकरामच्या पाठीवर काडी टेकवली.

"अवो, मी हाव!"

"मले दिसते न. चाला."

नांगराचं शेवटचं तास राहिलं होतं आणि पोळा फुटला. सजवलेले बैल दारोदार निघाले. शालीकरामच्या दारात हाका मारून कुणी ओ देईना, म्हणून वाजंत्र्यांसकट मंडळी घराला वळसा घालून परसात आली. वाजंत्री थांबली.

म्हातारे भैयाजी काठी टेकत पुढे झाले. दोघांकडे नीट पाहून म्हणाले, "जोडी बेजोड हाय. पन खुरं चांगले हायेत."

शेजारच्या शांतीबाईच्या हातात ओवाळणीचं ताट होतंच. तिनं आधी शालीकरामच्या कपाळी कुंकू लावलं, मग सुकरामच्या, आणि दोघांच्या तोंडात पुरणपोळीचा घास कोंबला. जू मानेवर असल्यामुळे त्यांना पळता आलं नाही. हसता हसता मंगरूच्या हातून कासरा सुटला आणि खऱ्या बैलांनी उरलेल्या फुलांवर ताव मारला.

पण पौषात वालाचा मांडव शेंगांनी खाली वाकला. धुरपतानं माहेरी टोपलं पाठवलं, पुन्हा एक पाठवलं, तरी शेंगा संपेनात. गावातल्या बाया पाहायला आल्या. शालीकरामनं त्यांना बोरूबद्दल सांगितलं, मुळांवरच्या गाठी समजावल्या, हवेतलं खत मातीत कसं उतरतं तेही सांगितलं. बायांनी शांतपणे ऐकून घेतलं. बघत मात्र त्या त्याच्या खांद्यांकडे होत्या.

पुढच्या पोळ्याला गावात पुरुष दिसेनात. शांतीबाईचा नवरा पहाटेच जंगलाकडे गेला होता. जू काढून ठेवलेल्या तीन परसांतून "अवो, या नं, थोडंसंच हाय!" अशा हाका येत होत्या. बोरू मात्र त्यांतल्या कुणीच पेरला नव्हता.

"खुळ्या हायेत साऱ्या," शालीकराम घरात येऊन म्हणाला. "गुन बोरूचा हाय! तू तं समजली न? औंदा मी आठवन ठेवून उशिरा पेरला. फुलावर आला का गाडू, बैल लावून, पोळा झाल्यावर."



"गेल्या साली बोरू बी होता, तुमी बी होता," धुरपता म्हणाली. "कोनाचा गुन लागला, मले काय माईत? एक काढला अन् शेंगा नाई आल्या तं?"

शालीकराम या बोलण्यातली चूक शोधत शोधतच जू काढायला निघाला. 

"सुकराम भाऊजी," धुरपतानं हाक मारली, "लपू नोका. गेल्या साली जू तिरपं झालं होतं, तसंच पायजे."