थेंब बसला की पळाला?

शेणवे गावात दामूकाकांच्या ओटीवर गेलात की पाणी मिळतं. पण पहिला थेंब तुमच्या बाहीवर पडतो. काका डोळे बारीक करून बघतात आणि निकाल देतात, "बसला. कामाचा नाय कपडा."

काका आसनगावला रंगाच्या कारखान्यात होते. काकी गेल्यापासून त्यांना पाणी झटकणाऱ्या लेपाचं वेड लागलंय. दाराशेजारच्या मातीच्या भिंतीवर काकीने शेवटच्या दिवाळीत तांदळाच्या पिठाचा पंजा उठवला होता. तो पावसात जाऊ नये, म्हणून हा उद्योग.

गावाला वाटतं, लेप चकचकीत असला की पाणी घसरेल. काका भडकतात. "गुळगुळीतावर पानी पसरून बसतं रे! खरखरीत पायजे. अळवाचं पान बघ. डोळ्याला दिसनार नाय अशी बारीक टोकं. थेंब टोकांवर उभा, खाली हवा. मग पळतो." लेपाला मुळातच पाणी नको असतं, खरखरीने तो नकार पक्का होतो. म्हणून काका लेपात बारीक भुकटी कालवून फवारतात. बादली, चपला, शेजारणीचं सूप, काही सुटलं नाही.

मला राग यायचा. गावात नळ कोरडे, आणि हे पाणी झटकतायत! तरी मुरबाडला भर पावसात पाण्यासाठी मोर्चा न्यायचा होता, म्हणून फलकांचे पुठ्ठे मी लेप मारायला त्यांच्याकडेच दिले. सकाळी घोषणा लिहायला बसलो, तर ब्रश टेकला की रंगाच्या गोळ्या होऊन घरंगळायच्या. 'पाणी द्या'मधला 'पा'सुद्धा टिकेना.

"काका, हे काय?"

"पान्यात कालवलेला रंग ना तुजा? पळनारच!" काका खूश. "आदी लिवायचं, मग लेप."

"मग काल का नाही बोललात?"

"तू कोरे दिलंस. मला वाटलं, यंदा मूक मोर्चा."

कोरे फलक उंचावून आम्ही घसा फोडला. फलक मात्र कोरडे राहिले.

ते काकांना दाखवायला गेलो, तेव्हा पंजावर अजून प्लास्टिकचा कागदच लटकत होता.

"लेप जमला की, काका. मग याला का नाही मारत?"

"मारला का हात लावता येत नाय. बोटं घासली का टोकं मोडतात. लेप संपला."

"मग नका लावू हात."

काकांनी कागद वर केला, आपला तळवा त्या पंजावर अलगद टेकवला आणि तसेच उभे राहिले.

पंजा मधोमध पुसट झाला होता. कागदाखाली तिथवर पाऊस पोचतच नाही.