भाताआधी वरण

भाताआधी वरण वाढलं म्हणून लग्नाची अख्खी पंगत थांबवणारा भानुदास खरात हा पृथ्वीतलावरचा एकमेव माणूस असेल. मी त्याच्या शेजारीच बसलो होतो. वाढप्यानं घाईघाईत रिकाम्या पत्रावळीवर वरण ओतलं. ते वरण पत्रावळीवरून निघालं, सतरंजी ओलांडली आणि नवरदेवाच्या मामाच्या धोतरापर्यंत जाऊन पोचलं. एक अक्षर वाढवून सांगत नाही. भानुदास ताडकन उठला.

"थांबा! आधी कोन?"

सगळ्या पंगतीचे घास हवेत थांबले.

"भात आल्याबिगर वरण बसंल कुठं? त्याला टेकायला कोन हाय?"

वाढप्यानं बादली तिथंच ठेवली आणि मुकाट्यानं भाताला पळाला. गंमत म्हणजे आम्ही वराकडचेही नव्हतो आणि वधूकडचेही नव्हतो. चुकून भलत्याच मांडवात शिरलो होतो.

"आधी कोन?" हा भानुदासचा श्वास होता. चहाआधी पाणी, पाण्याआधी बाकडं. एसटीच्या दारात तो हात आडवे धरून उभा राहायचा. "आधी उतरनारे, मंग चढनारे!" उतरणारे उतरायचे, चढणारे त्याच्या काखेखालून चढायचे, आणि गाडी त्याला खालीच ठेवून अंबडला निघून जायची. रोज जालना-अंबड करणाऱ्या माणसानं जितक्या गाड्या पकडल्या त्याच्यापेक्षा जास्त सोडल्या.

अशा माणसाला नोकरीही अशीच मिळाली. मोबाइलला बाहेर अँटेना असायचा तेव्हाची गोष्ट. जालन्यात एका बियाण्याच्या दुकानाच्या माडीवर आमची सॉफ्टवेअर कंपनी होती. खालून कपाशीच्या बियाण्याचा वास यायचा आणि वरून पत्रा तापायचा. अंबडकडच्या एका साखर कारखान्याचं काम आम्ही घेतलं होतं. आता सॉफ्टवेअर काही एकसंध नसतं, त्याचे तुकडे असतात. त्यांना मॉड्यूल म्हणायचं. उसाच्या वजनाचं एक, बिलाचं एक, वाहतुकीचं एक, असे पुष्कळ. कोपऱ्यातला एक कॉम्प्युटर रोज आपोआप सगळ्यांचं काम गोळा करून हे तुकडे एकामागून एक बांधायचा. याला बिल्ड म्हणतात. कुणाच्या आधी कोण बांधायचा, यावरच सगळा खेळ. त्या कॉम्प्युटरचा माहूत भानुदास.

त्यानं तिथं एक भोंगा लावून ठेवला होता. बिल्ड झाला की सनई वाजायची, मधेच फुटला की म्हैस रेकायची. खाली बियाणं घ्यायला आलेले शेतकरी माडीकडं बघत विचारायचे, "शेठ, वर म्हैस चढविली कशी?"

आणि नेमकं गाळप तोंडावर आलं असताना ती म्हैस जी रेकायला लागली, ती थांबेचना. कारखान्याच्या चेअरमनसाहेबांनी बजावलं होतं, मोळी टाकून गाळप सुरू करायच्या दिवशी सॉफ्टवेअर चालू पाहिजे, नाहीतर काम दुसऱ्याला. ते काम गेलं असतं तर आमच्या माडीवरही बियाण्याची पोतीच लागली असती.

आमचे मालक कदम सर. वजनाचं मॉड्यूल त्यांनी स्वतः लिहिलेलं, त्यामुळे त्याला नाव ठेवायची सोय नव्हती. ते भानुदासवर तापले.

"माझ्या मशीनवर बराबर चालून राह्यलंय. तुझंच डबडं बिघडलंय!"

बिलाचं मॉड्यूल सुरेखा मॅडमचं. त्या म्हणाल्या, "माझ्या मशीनवर बी बिलकुल ठीक हाय, भाऊ."

"तुमच्या मशीनवर कालचं बांधलेलं शिळं पडलेलं हाय, त्याच्यावर चालून राह्यलंय," भानुदास म्हणाला. "माझी मशीन रोज चूल सारवून नव्यानं पेटवती. शिळ्याला हात लावत न्हाई. सर, तुम्ही परवा काही बदललं का?"

"अगदी किरकोळ."

"किरकोळ म्हंजी?"

"ते मला विचारायचं न्हाई. आज झालं न्हाई, तर तू अन् तुझी म्हैस, दोघं घरी!"

भानुदास शांतपणे उठला. टेबलं भिंतीला लावली आणि सगळ्यांना मधे उभं केलं. "आता जो जे मॉड्यूल लिहितो, तो तेच हाय असं समजा. ज्याच्याबिगर तुमचं अडतं, त्याच्या मागं जाऊन उभं राहा. जल्दी."

मी वाहतूक. माझं वजनाशिवाय अडतं, म्हणून मी कदम सरांच्या मागं गेलो. सुरेखा मॅडमना बिलासाठी टनेज लागतं, त्याही कदम सरांच्या मागं गेल्या. कदम सरांनी जरा डोकं खाजवलं आणि ते सुरेखा मॅडमच्या मागं जायला निघाले. सर मागं आले म्हणून मॅडम त्यांच्या मागं गेल्या. मॅडम मागं गेल्या म्हणून सर पुन्हा त्यांच्या मागं. घाण्याला जुंपल्यासारखे दोघं गोल फिरायला लागले, आणि सरांना धरून मीही. शेवटी कदम सर चक्कर येऊन खुर्चीत बसले.

"परवा वजनकाट्यावर शेतकऱ्याचं नाव दिसावं म्हणून मी ते बिलाच्या मॉड्यूलमधून घेतलं," ते धापा टाकत म्हणाले.

"मंग! वजन बिलाची वाट बघतंय, बिल वजनाची वाट बघतंय. माझ्या मशीननं आधी कोनाला बांधावं?"

उपाय त्यानं तिथंच केला. शेतकऱ्याचं नाव-नंबर बिलातून बाहेर काढलं आणि त्याचं तिसरं मॉड्यूल केलं. दोघांनी त्याच्या मागं उभं राहायचं. आधी शेतकरी, मग वजन, मग बिल. साखरेच्या धंद्यात शेतकऱ्याचा नंबर पहिला लागल्याचं मी तरी तेवढं एकदाच पाहिलं.

सनई अशी वाजली की खालचे शेठ धावत वर आले. "कोनाचं लगन जमलं?"

"भानुदासभाऊचं जमवा आता!" सुरेखा मॅडम म्हणाल्या. सगळे खो खो हसले. भानुदास तेवढा हसला नाही. निघताना मला म्हणाला, "राजाभाऊ, रविवारी घरी जेवायला या." इतक्या वर्षांत त्यानं कुणालाच घरी बोलावलं नव्हतं.

रविवारी अंबडला गेलो. दार त्याच्या थोरल्या बहिणीनं उघडलं. घरात शिलाई मशीन, त्यावर अर्धवट शिवलेलं झबलं. आक्काचे केस पांढरे व्हायला लागले होते. तिनं ताटं मांडली, गरम भाकरी आणली, वरणाचं पातेलं ठेवलं. भात अजून चुलीवरच होता.

"आक्का, तू बस आधी," भानुदास म्हणाला.

"मी काय पाव्हणी हाय? तू बस."

"मोठ्याच्या आधी ल्हान? काही क्रम हाय का न्हाई?"

"ल्हान उपाशी असल्यावर मोठ्याच्या घशाखाली उतरतं का?"

मला वाटलं माझ्या करमणुकीसाठी चाललंय. पण भाकरीची वाफ विरली तरी दोघं उभेच.

"लग्नाचं बी असंच केलं यानं," आक्का हसत म्हणाली. "माझं झाल्याबिगर करनार न्हाई म्हन्ला. अन् मी गेल्यावर याला भाकरी कोन करून घालील? म्हनून मी म्हन्ले, आधी तुझी बायको येऊ दे. चांगली स्थळं आल्ती, भाऊ. दोघांलाबी आल्ती. आता येत न्हाईत."

भानुदास हात पुसायच्या दस्तीची घडी घालत होता. घातलेली घडी मोडून पुन्हा घालत होता.

मी एरवी गप्प बसणारा माणूस नाही. पण त्या क्षणी मला टेबलं बाजूला सारलेली माडी दिसत होती आणि काही केल्या हसू येत नव्हतं. मग मी सरळ पाटावर बसलो आणि भाकरी मोडली.

"पाव्हणा आधी!" मी ओरडलो. "बसा दोघं माझ्या मागनं!"

दोघांनी एकमेकांकडं बघितलं आणि एकदमच खाली बसले.

आक्कानं पहिला घास घेतला. "अगं बाई, अजून ऊन हाय की," ती म्हणाली. मग जरा थांबून, "भाऊ, रविवारचं येत जा."

भानुदासनं पळी उचलली आणि आक्काच्या ताटात वरण वाढलं. भात आलाच नव्हता. वरण ताटभर पसरत काठाकडं निघालं, आणि आक्कानं भाकरीच्या तुकड्यानं ते हळूच अडवलं.

मी खाली मान घालून जेवत राहिलो.