कुठनं कुठंवर?

"मला ऑफिसला यायला वीस मिनिटं लागतात" हे वाक्य सदलगेकरांसमोर उच्चारू नये. मी एकदा उच्चारलं. आमच्या ओळखीचा तो पहिला दिवस. त्यांनी सायकलवरून एक पाय खाली टेकवला, मनगटाच्या आतल्या बाजूला बांधलेल्या घड्याळाकडे पाहिलं आणि विचारलं, "कुठनं कुठंवर?"

मी म्हणालो, घरापासून ऑफिसपर्यंत.

"घर म्हणजे काय ओ? उंबरा का गेट? आणि ऑफिस म्हणजे शिवाजीनगरचा बसस्टॉप का तुमची खुर्ची?"

मी बेंगळूरच्या एका ऑफिसात हिशेब विभागातला माणूस. माझ्या आकड्यांना तोपर्यंत कुणी हात लावला नव्हता. दुसऱ्या दिवशी मी उंबऱ्यापासून खुर्चीपर्यंत मोजलं, तर पंचावन्न मिनिटं भरली. वीस मिनिटं हा फक्त मॅजेस्टिकला बस बदलल्यानंतरचा भाग होता. उरलेली पस्तीस मिनिटं मी इतकी वर्षं कुणाच्या नावावर टाकत होतो, कोण जाणे.

सदलगेकर आमच्या ऑफिसात नकाशे काढायचे. मूळचे निपाणीकडच्या सदलग्याचे. घरी मराठी, बाजारात कानडी, आणि सायकलशी दोन्ही. आम्ही दोघंही मल्लेश्वरमला राहत होतो, मी आठव्या क्रॉसला, म्हणजे आठव्या आडरस्त्याला, आणि ते थोडे पुढे. ऑफिस कॅन्टोन्मेंटात, शिवाजीनगरच्या बाजाराजवळ. अंतर सुमारे साडेचार मैल. किलोमीटर तेव्हा नुकतेच आले होते, त्यामुळे सदलगेकर दोन्ही सांगत. कुणाला शंका नको.

या अंतराला सायकलीनं सव्वीस मिनिटं लागतात, बसनं पंचावन्न आणि मोटारीनं "स्वल्प थांबा, सांगतो", असा त्यांचा सिद्धान्त होता. मोटारीचा आकडा ते कधीच पटकन सांगत नसत. आमचे साहेब, श्रीनिवासय्या, हेही मल्लेश्वरमचेच. त्यांनी जुनी विलायती मोटार घेतली तेव्हा ते कौतुकानं म्हणाले की आता पंधरा मिनिटांत पोचतो. सगळे माना डोलावत होते. सदलगेकरांनी मान डोलावली नाही. त्यांनी अदबीनं, शुद्ध कानडीत, साहेबांना गॅरेजच्या कुलपापासून सुरुवात करायला लावली. मग थंडीतल्या सकाळी पुढचं हँडल किती वेळा फिरवावं लागतं ते विचारलं. मग गाडी सावलीत लावायची म्हणून चिंचेच्या झाडापर्यंत मागे नेणं आणि तिथून चालत येणं. शेवटी साहेबांची पंधरा मिनिटं एकतीसवर आली. साहेब मनापासून हसले. मनाचे मोठे होते. पण त्यानंतर त्यांनी ऑफिसात मोटारीचा विषय काढलेला मला आठवत नाही.

सायकल काळी, साधी, पण तिची साखळी दर रविवारी रॉकेलनं धुतली जाई. कॅरिअरवर कुणाला बसवायचं नाही, हा नियम. एकदा माझी शेवटची बस चुकली तेव्हाही त्यांनी मला बसवलं नाही. "वजनानं आकडा बिघडतो," म्हणाले, आणि सायकल हातात धरून माझ्याबरोबर साडेचार मैल चालत आले. त्याला किती वेळ लागला हे मी विचारलं, तर म्हणाले, "हे मोजायचं नसतंय."

घरी मात्र त्यांनी कधी कुणाला बोलावलं नाही. त्यांच्या गेटाशी उभं राहून, मध्ये सायकल ठेवून, गप्पा मारायच्या, एवढीच आमची मजल. वहिनींना मी दोनदा पाहिलं, दोन्ही वेळा पाठमोऱ्या.

आणखी एक गोष्ट सर्वांना ठाऊक होती. साडेबाराला जेवणाची सुट्टी झाली की सदलगेकर पँटला क्लिपा लावून सायकलवरून नाहीसे होत आणि दीडच्या ठोक्याला घामेघूम होऊन परत येत. कुठे गेला होता म्हटलं की "जरा फिरून आलो". आमच्यातल्या टायपिस्ट मूर्तीची खात्री होती, की ते शिवाजीनगरातल्या एखाद्या मिलिटरी हॉटेलात गुपचूप मटण हाणून येतात. सदलगेकर कट्टर शाकाहारी घरातले, त्यामुळे ही कल्पना सर्वांना फार आवडली. मूर्ती त्यांच्या शर्टाचा वास घ्यायचा. वास साखळीच्या तेलाचा यायचा.

मी माणसांपेक्षा आकड्यांकडे जास्त लक्ष देतो, म्हणून मला दुसरंच काही खटकलं होतं. वाटेत रेल्वेचं एक फाटक होतं. आम्ही सकाळी जायचो, संध्याकाळी यायचो. पण सदलगेकर बस आणि मोटार यांच्याविरुद्ध बोलायला लागले की हमखास दुपारच्या मालगाडीचा दाखला देत. ती येते तेव्हा मोटार अडकते, बस अडकते, सायकल मात्र खांद्यावर उचलून बाजूच्या पाऊलवाटेनं आधीच पलीकडे नेता येते. एकदा त्यांनी एक दिवसाची रजा काढली होती, ती केवळ दुपारी बसनं जाऊन-येऊन बघण्यासाठी. बसमध्ये बसायला रजा काढणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. दुपारच्या गाडीशी यांचा संबंध काय, हा प्रश्न माझ्या मनात आला होता. पण मी तो पुढच्या पानावर ओढून ठेवला.

मग ऑफिसात कँटीन निघालं, आणि साहेबांनी एक योजना मांडली. सगळ्यांनी आतच जेवायचं, सुट्टी तासाची अर्धा तास करायची आणि संध्याकाळी पाचऐवजी साडेचारला घरी जायचं. टाळ्याच पडल्या. बायको-मुलांत अर्धा तास जास्त, कुणाला नको असेल?

सदलगेकर उभे राहिले. चेहरा पांढरा पडला होता. साडेचारला निघून काही फायदा नाही, असं ते बोलू लागले. त्या वेळी शाळा सुटतात, फाटक पडतं, बसना गर्दी असते. माणूस निघतो लवकर, पण पोचतो पूर्वीच्याच वेळी. मूर्ती मागून म्हणाला, "अण्णा, कुठनं कुठंवर?" सगळे हसले. साहेबही हसले, पण त्यांना मोटारीची ती एकतीस मिनिटं आठवत असावीत. ते म्हणाले, करूनच पाहू. उद्या सगळ्यांना साडेचारला सोडतो. मी मोटारीनं जाईन, मूर्ती बसनं, सदलगेकर सायकलीनं. ज्याचे त्यानं आकडे सकाळी हिशेब विभागात द्यावेत. अर्धा तास खरंच वाचला तर योजना सोमवारपासून लागू.

हिशेब विभाग म्हणजे मी. सदलगेकरांनी जाता जाता माझ्याकडे पाहिलं आणि पँटला क्लिपा लावल्या.

दुसऱ्या दिवशी साडेचारला मीही मूर्तीच्याच बसमध्ये चढलो. गर्दी नव्हती. मॅजेस्टिकला दुसरी बस उभीच होती. मी खिडकीशी बसलो होतो. रेल्वेचं फाटक आलं, ते सताड उघडं. आणि फाटकाच्या अलीकडे, मोठ्या शिरीषाच्या सावलीत, सदलगेकर उभे होते. सायकलच्या दांड्यावर एक हात, एक पाय जमिनीवर. आजूबाजूनं बैलगाड्या, सायकली, टांगे खुशाल पलीकडे जात होते. सदलगेकर घड्याळाकडे बघत होते आणि जात नव्हते. साखळीचं अर्धं मिनिट वाचावं म्हणून रविवार घालवणारा माणूस उघड्या फाटकाशी वेळ काढत उभा होता.

मूर्ती झोपला होता. मी त्याला उठवलं नाही.

सकाळी तीन आकडे माझ्या टेबलावर आले. साहेबांचे आणि मूर्तीचे नेहमीचेच. म्हणजे निघाले अर्धा तास आधी, पोचले अर्धा तास आधी. सदलगेकरांचा आकडा होता बावन्न मिनिटं. मी त्यांच्या टेबलापाशी गेलो आणि हळू आवाजात म्हणालो, "फाटक उघडं होतं."

त्यांनी पट्टी खाली ठेवली. मग म्हणाले, "आज दुपारी शिपायाची सायकल मागून घ्या. साडेबाराला तयार राहा."

मी पंधरा वर्षांनी सायकलवर बसत होतो. पहिला मैल ते माझ्यासाठी हळू गेले, नंतर मला विसरले. फाटक नुकतंच पडलं होतं. त्यांनी सायकल खांद्यावर घेतली आणि पाऊलवाटेनं पलीकडे गेले. मी धापा टाकत मागून. मालगाडी आमच्या पाठीमागून गेली. त्यांच्या उंबऱ्याशी पोचलो तेव्हा सदलगेकर घड्याळ न बघता म्हणाले, "तुमच्यामुळं तीन मिनिटं गेली."

स्वयंपाकघरात दोन पाट मांडले होते, समोरासमोर. दोन ताटं वाढलेली. वहिनी एका पाटावर बसून होत्या. मला पाहून त्या गडबडीनं उठल्या, पदर सारखा करून आत जायला निघाल्या.

"बस, बस," सदलगेकर म्हणाले. "हे देवधर. हिशेबातले. हे कुणाला सांगत नाहीत."

त्यांनी हात धुतले, मनगटावरचं घड्याळ काढून खिडकीत पालथं ठेवलं आणि पाटावर बसले. वहिनी मला ताट वाढू लागल्या, तर मी नको म्हटलं, फक्त ताक घेतलं. सदलगेकरांनी पहिला घास घेतला, तेव्हा वहिनींनी पहिला घास घेतला. भाकरी, वांग्याची भाजी, शेंगांची चटणी. बोलणं जवळपास नव्हतंच. भाजीत मीठ कमी आहे, एवढं एक वाक्य झालं आणि त्यावर वहिनी म्हणाल्या, "असू दे की." दोघंही खाली बघून जेवत होते आणि दोघांचीही ताटं बरोबर एकाच वेळी रिकामी होत होती.

मग वहिनीच म्हणाल्या, "निघा आता. माघारी जाताना पॅसेंजरचं फाटक लागंल."

परतीच्या वाटेवर गाडी अगदी जवळ आल्यानं फाटकाशी थोडं थांबावं लागलं, तेव्हा सदलगेकरांनी सांगितलं. वहिनींचं माहेर तीस-पस्तीस माणसांचं. पंगतीशिवाय त्या कधी जेवल्या नव्हत्या. लग्न होऊन बेंगळूरला आल्या, मूलबाळ झालं नाही. हे सकाळी जेवून ऑफिसला येणार, मग रिकाम्या घरात एकट्या बायकोनं जेवायचं. त्या काही बोलल्या नाहीत. वर्षभरानं चोळ्या सैल व्हायला लागल्या तेव्हा डॉक्टर झाले, औषधं झाली. शेवटी शेजारच्या अक्कांनी सांगितलं, की तुमच्या घरचं दुपारचं ताट रोज गाईपुढं जातंय.

"एकटीला घास उतरत नाही तिला," ते म्हणाले. "मग मी बस बघितली. टॅक्सी बघितली. एका मित्राची मोटार मागून बघितली. सायकलीनं जाऊन-येऊन जेवायला तेवढी आठ मिनिटं उरतात. सकाळी मी नुसता कॉफीवर येतो."

मी विचारलं, मग हे ऑफिसात सांगितलं का नाही.

"काय सांगू ओ? रोज बायकोच्या समोर बसून जेवायला साडेचार मैल पळतो म्हणून? तो मूर्ती जन्मभर सोडणार नाही. त्यापेक्षा मटण खातो म्हणू दे."

गाडी गेली, फाटक उघडलं. ते पेडलवर पाय ठेवता ठेवता म्हणाले, "माझा आकडा सव्वीस लिहा. बावन्न खोटा हाय."

मी साहेबांना आकडे दिले, खरे होते तेच. अर्धा तास वाचतो. खाली एक ओळ जोडली, की दोघांची तासाची सुट्टी तशीच ठेवावी; ते पाचपर्यंत बसतील. साहेबांनी विचारलं, दोघं कोण? मी म्हटलं, सदलगेकर आणि मी. एकट्याचं नाव दिलं असतं तर त्यांनी कारण विचारलं असतं. दोघांचं दिल्यावर त्यांनी चष्म्यावरून फक्त माझ्याकडे पाहिलं आणि "सरी", म्हणजे बरं, म्हणून सही केली.

सोमवारपासून माझी दुपार बदलली. एक वाजता बाकीचे कामाला लागतात आणि माझा अर्धा तास शिल्लक राहतो. पहिल्या दिवशी मी सर्वांबरोबर डबा खाऊन घेतला आणि उरलेला वेळ खिडकीत बसून काढला. तो काही जमला नाही. आता मी साडेबाराला डबा उघडत नाही. मूर्ती बोलावतो, मी भूक नाही म्हणतो. घड्याळ समोर ठेवून बसतो. बारा चाळीसला ते फाटकाशी. मग पाऊलवाट, मग चढ. बारा छप्पन्नला उंबरा.

तेव्हा मी डबा उघडतो. आठ मिनिटांत जेवण होतं.