पूल सोमवारपासून

हरणगावात दुपारच्या स्थानिक बातम्या लागल्या की मधल्या जाहिराती टीव्हीतून उतरून लोकांच्या घरात येऊन बसत. ही सोय केबलवाल्याने सहा वर्षांपूर्वी केली आणि ती कोणी मागितली नव्हती.

जाहिराती एकूण सहा होत्या. साडी सेलची बाई, गुडघ्याच्या तेलाचे काका, लोखंडी सळईचा पैलवान, मसाल्याची सून, शिकवणीचे सर आणि मूळव्याधीचे डॉक्टर. केबलची तार गावात शिरते ती आधी मगदुमांच्या घरात, त्यामुळे हे सहा जण सगळ्यांत पहिले तिथे उतरत, कोचावर दाटीवाटीने बसून आपापलं सांगत आणि मागच्या दाराने शेजारी जात. एक वाजता 'नमस्कार' झाला की त्यांची पहिली फेरी निघे. सव्वा वाजता गाव संपवून ते स्टुडिओत परत. दुसरी फेरी बातमीच्या मध्यावर निघे, ती बातम्यांची वेळ संपेपर्यंत.

टीव्ही बंद ठेवला तर ते दार वाजवत. दार लावून घेतलं तर अंगणात उभे राहून ओरडत. लोकांनी त्यांच्याकडे पाठ करून बसून पाहिलं, तोंडावर वाट्टेल ते बोलून पाहिलं. पण अपमान मनाला लावून घेणारी माणसं त्या धंद्यात जात नाहीत.

हेही गावाने सोसलं असतं. अडचण झाली ती पुलाची. हरणगाव नदीच्या अलीकडे, वाकसे पलीकडे आणि मध्ये नवाकोरा पूल. अकरा महिन्यांपूर्वी निवेदक सोनटक्के यांनी "हरणगाव-वाकसे पूल सोमवारपासून" इथपर्यंत बातमी वाचली आणि दुसरी फेरी निघाली. अर्धी राहिलेली बातमी टाकून देता येत नाही, असा वाहिनीचा नियम होता. त्यामुळे सोनटक्के ती रोज पहिल्यापासून वाचत, आणि रोज 'सोमवारपासून' म्हणताच साडीवाली बाई कोचावर हजर.

पूल सोमवारपासून चालू की सोमवारपासून बंद, हे कोणालाच कळेना. उगाच अंगाशी यायला नको म्हणून दोन्ही गावं पुलावर पाय ठेवत नव्हती, बावन्न किलोमीटरचा वळसा घालून जात-येत होती. शेळ्या आणि कुत्री तेवढी पुलावरून खुशाल फिरत, कारण ती बातम्या बघत नसत.

सुलोचनाबाई मगदूम दोनदा नगरपालिकेत जाऊन आल्या.

"निर्णय झालाय," तिथले साहेब म्हणाले. "बातमीला दिलाय. तोंडी सांगायचा आम्हाला अधिकार नाही. तुम्ही बातम्या बघत नाही का?"

सुलोचनाबाई बातम्या बघत नव्हत्या तर काय करत होत्या? त्यांची अस्मिता वाकशाला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण दिवस भरत आलेल्या पोरीला बावन्न किलोमीटर खड्ड्यांतून कोण आणणार? ती सासरीच बाळंत झाली. मुलगी झाली. आज बारावा दिवस, दुपारी तीन वाजता बारसं. वळशाची एसटी दिवसाआड यायची. काल तिचा वार होता आणि काल ती आलीच नाही. रिक्षावाला तेवढ्या लांबचं नाव काढताच आत जाऊन झोपला.

सकाळी अस्मिताचा फोन आला होता. "आई, तू नाहीस तर पाळण्यात घालू कशी गं?" एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. सुलोचनाबाईंनी परकर-पोलकं करून ठेवलं होतं, टोपडं शिवलं होतं, व्याह्यांकडे न्यायला पन्नास पुरणपोळ्या लाटल्या होत्या. सगळं पिशव्यांत भरून दाराशी ठेवलेलं. 

"चालत जाऊ या का पुलावरनं?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

आप्पासाहेब मगदूम निवृत्त तलाठी. "आणि बंद असला म्हणजे?" ते म्हणाले. "अकरा महिने थांबलो ते बातमीसाठीच ना? आज लागंल."

"आज लागंल, आज लागंल! पोरीला पोर झालं तरी तुमची बातमी लागंना!"

एक वाजला. सोनटक्के 'नमस्कार' म्हणाले आणि पहिली फेरी उतरली.

"घाई करा, घाई करा! फक्त आजच!" साडीवाली बाई म्हणाली.

"गुडघे दुखतात?" काकांनी सुलोचनाबाईंना विचारलं. रोज विचारत.

एरवी सुलोचनाबाई पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात निघून जात. आज त्यांच्या डोळ्यांसमोर पन्नास पोळ्या होत्या आणि खाणारं कोणी नव्हतं. घरात सहा माणसं आलेली, अन्न तयार, आणि आज नातीचं बारसं. एवढं असून कोणाला उपाशी पाठवायचं, हे त्यांच्या आईने त्यांना शिकवलं नव्हतं.

"हात धुऊन घ्या," त्या म्हणाल्या. "पानं वाढते."

सहाही जणांनी आपापल्या हातांकडे पाहिलं. सहा वर्षांत त्यांना हे कोणी म्हटलं नव्हतं.

"आम्हाला पुढे जायचंय," शिकवणीचे सर म्हणाले. "प्रवेश मर्यादित आहेत."

"जाल की. दोन घास खाऊन जावा."

पंगत बसली. पिशवीतली पोळी, वर तुपाची धार, वाटीत दूध, कटाची आमटी. दोन दोन पोळ्यांवर त्यांनी हात आडवे धरले, आणि इथे सुलोचनाबाई रंगात आल्या. आडवा धरलेला हात मगदुमांच्या घरात नकार म्हणून धरला जात नाही.

"ही पोळी माझ्या नातीच्या नावाची."

"पुरे, खरंच पुरे," मसाल्याची सून म्हणाली.

"कशाचं पुरे? एवढुशी तर आहेस. सासू जेवायला घालत नाही वाटतं?" पोळी पानात.

"ताई, मी पथ्यावर आहे," डॉक्टर कळवळून म्हणाले.

"पुरणानं काही होत नाही. तूप जरा जास्त घ्या." दोन पोळ्या पानात.

रोज दुसऱ्याला घ्या घ्या म्हणणारी ही माणसं. त्यांना स्वतःला कोणी आग्रह केला तर काय करायचं, हे कोणी शिकवलंच नव्हतं. वाढलं ते ती खात राहिली. पाचव्या पोळीला पैलवानाने जांभई दिली.

सुलोचनाबाईंनी ती जांभई पाहिली. मग घड्याळ पाहिलं. एक वाजून आठ मिनिटं झाली होती. त्यांचा हात क्षणभर थांबला आणि मग अशा वेगाने चालू लागला, की लग्नातल्या वाढप्यांनी खाली मान घातली असती.

"अहो, बघत काय बसलाय? दूध आणा! आणि आतली सतरंजी!"

आप्पासाहेबांना काहीच कळलं नाही. बायकोचा आवाज ओळखीचा होता, तेवढ्यावर ते उठले.

एक वाजून बारा मिनिटांनी पैलवान आडवा झाला. त्याच्या शेजारी सर. काका म्हणाले, "जरा पाठ टेकतो," आणि घोरू लागले. साडीवाली बाई "घाई करा" म्हणता म्हणता भिंतीला टेकली. सून आणि डॉक्टर पानावरच पेंगायला लागले, त्यांना आप्पासाहेबांनी हाताला धरून सतरंजीवर नेलं. सुलोचनाबाईंनी पंखा दोनवर केला.

सव्वा वाजले. सोनटक्के पुन्हा दिसले.

"हरणगाव-वाकसे पूल सोमवारपासून," ते म्हणाले आणि सवयीने थांबले.

कोणी उतरलं नाही. सोनटक्क्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. ओठांवरून जीभ फिरवली. सुलोचनाबाईंनी दोन्ही हात जोडले होते.

"वाचा, भाऊ," त्या हळूच म्हणाल्या. "वाचा हो."

समोर कागद आहे तोवर निवेदकाला वाचावंच लागतं. "सोमवारपासून," ते पुन्हा म्हणाले, "वाहनांसाठी तसेच पायी जाणाऱ्यांसाठी खुला करण्यात आला आहे."

पूर्णविराम. गल्लीतून असा गलका उठला, की आप्पासाहेबांना निवडणुकीचा निकाल लागल्यासारखं वाटलं. पडद्यावर सोनटक्के "बातम्या संपल्या" म्हणाले. सहा वर्षांत हे वाक्य त्यांच्या वाट्याला आलं नव्हतं. टेबलावर डोकं ठेवून ते मनसोक्त रडले, आणि त्यांना मध्येच कोणी थांबवलं नाही.

"सोमवार कुठला, ते नाही सांगितलं," आप्पासाहेब म्हणाले.

"गप बसा हो. चला!"

आप्पासाहेबांनी झोपलेल्या सहा जणांकडे पाहिलं. मग मांडी घालून सतरंजीच्या कडेला बसले आणि पोळ्यांचा डबा जवळ ओढला.

"तू हो पुढं. कोण उठलं तर मी वाढतो," ते म्हणाले. "नातीला सांग, आजोबा उद्या येतोय. रोज येतोय म्हणावं."

सुलोचनाबाई पिशव्या घेऊन निघाल्या. त्यांच्या मागे अख्खी गल्ली आणि गल्लीमागे गाव. समोरून वाकसे येत होतं, कारण तार तिकडेही गेली होती. पुलाच्या मधोमध दोन्ही गावं एकमेकांना भेटली. बायका गळ्यात पडल्या, म्हाताऱ्यांनी कठड्यावर हात आपटून पाहिला, शेळ्यांनी बाजूला सरून वाट दिली. इतके दिवस का आला नाहीत, असं कोणी कोणाला विचारलं नाही. सुलोचनाबाई मात्र मधे थांबल्या नाहीत. गुडघे दुखत होते, पण आज त्यांचं ऐकायला वेळ नव्हता.

तीनला दहा मिनिटं असताना त्या वाकशाच्या घरात शिरल्या.  अस्मिताने बाळ उचललं आणि आईच्या हातात दिलं. सुलोचनाबाईंनी टोपडं घातलं. ते थोडं मोठं झालं, आणि त्यालाही त्या हसल्या.

बाळाला पाळण्यात ठेवलं. आत्या वाकली, कानाशी तोंड नेऊन "कुर्र" म्हणाली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं नाव सांगितलं, "वसुधा विनायक पाटोळे." सबंध नाव, एका दमात. बायकांनी रिवाजाप्रमाणे आत्याच्या पाठीत धपाटे घातले, आणि त्यांतला सगळ्यांत मोठा आवाज सुलोचनाबाईंच्या धपाट्याचा होता.